थेल्माचं राहिलेलं पाणी

माझी आई थेल्मा नापांगाटी सांगते की तिनं आयुष्यात दोनच चुका केल्या, आणि त्याही एकाच दुपारी. मला हे पटत नाही. पेन्शनच्या दिवशी पत्त्यांच्या डावात ती जे करते ते चुकीत धरायचं की चोरीत, यावर कांगारूंच्या वाळवंटातल्या आमच्या वालुकुरा वस्तीत अजून एकमत नाही. पण त्या दोन चुकांचं ओझं तिनं पन्नास वर्षं वाहिलं, हे मात्र खरं. मी तिची मुलगी मर्लिन. लहानपणापासून ते ओझं बघतच वाढले.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. मिशनच्या शाळेत चार वर्षं बसल्यामुळे वस्तीत इंग्रजी येणाऱ्या दोन-तीन माणसांत तिची गणना होती, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. तेव्हा वस्तीवर एक गोरा यायचा, सरकारी माणूस, पाण्याचे पंप दुरुस्त करायला. त्याचं नाव मी सांगणार नाही. तो वारला, आणि वारलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. माझ्या आजोबांचंही नाही. तेव्हा एक पंपवाला आणि एक म्हातारा, एवढ्यावर भागवून घ्या.

पंपवाल्यानं म्हाताऱ्याला एक फळी, तो तिला बोर्ड म्हणायचा, आणि रंगाचे डबे आणून दिले होते. म्हाताऱ्यानं तिच्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी स्वतःचा मुलूख काढायला घेतला. कुणाला दाखवू नये असं त्यात काही नव्हतं, बायकापोरांनी बघावी अशीच ती कहाणी. वाळूच्या सात टेकड्या ओळीनं, आणि सातवीच्या पायथ्याशी एक जागा, जिथे हातभर खणलं की पाणी लागतं. सगळी वाट त्या पाण्यासाठी आहे. पाणी नसतं तर टेकड्या तुडवायला कोण जातंय?

म्हातारा ठिपके देत बसला होता, तेव्हा पंपवाल्यानं पोरीला विचारलं, "तुझ्या बाबांना विचार, मी तुमचा कोण लागतो?"

हा प्रश्न आमच्याकडे थट्टेचा नाही. आमच्यात गोतं आठ. बापाच्या गोतावरून पोराचं गोत ठरतं, आणि गोतावरून पुढचं सगळं. कोण कुणाला घास देणार, कोण कुणाची टवाळी करणार, कुणी कुणाकडे मान वर करून बघायचंही नाही. ज्याला गोत नाही त्याला बसवायचं कुठे हेच कळत नाही, म्हणून गोऱ्यांनाही एखादं द्यावं लागतं. खरं तर ते म्हाताऱ्यानं द्यायचं. पण पोरीनं ट्रकमध्ये डोकावून पाहिलं होतं. आत डबाबंद मांसाची रास होती. आईच्या आईचा भाऊ म्हणजे लाडका आजा, त्याच्यापुढे हात पसरायला लाज नसते. तिनं बापाला काही न विचारता सांगून टाकलं, "तू माझा आजा."

आजा खूश झाला. दोन डबे लगेच मिळाले.

या आज्याला पुढे मुलगा होईल, आणि गोताच्या हिशेबानं तो आपला जावई ठरेल, हे बारा वर्षांच्या पोरीला कसं सुचावं? आणि सासू-जावई म्हणजे आमच्याकडे ऊन-सावली. एकानं दुसऱ्याला तोंड दाखवायचं नाही, अक्षर बोलायचं नाही. माझ्या सख्ख्या नवऱ्याशी आई वीस वर्षांत एक शब्द बोललेली नाही, आणि आमचा संसार टिकला तो त्यामुळेच. तर अशा रीतीनं आईनं दोन डब्यांपायी एक न जन्मलेला जावई गळ्यात बांधून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ही पहिली चूक. दुसरी त्यानंतर तासाभरानं.

पश्चिमेला आभाळ भरून आलं. ओढ्याला पूर यायच्या आत ट्रक पलीकडे न्यायचा म्हणून पंपवाल्यानं भोंगा वाजवायला सुरुवात केली. बोर्ड पूर्ण झाला की आणखी चार डबे द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. तो खिडकीतून ओरडला, "झालं का?"

म्हातारा म्हणाला, "थांब म्हणावं. पाणी राहिलंय."

पोरीनं डब्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं, "झालं."

बोर्ड गेला. म्हाताऱ्याला काय झालं ते कळेपर्यंत ट्रक ओढ्याच्या वाटेला लागला होता. तो पोरीवर रागावला नाही, हीच वाईट गोष्ट. फक्त मरेपर्यंत मधूनच म्हणायचा, "माझा बोर्ड बघून कुणी चाललं तर तहानेनं मरेल. सात टेकड्या सांगितल्या आणि पाणी सांगितलं नाही. लोक म्हणतील, असला कसला माणूस."

आई मोठी झाली. मिशनच्या स्वयंपाकघरात तिनं पाव भाजले, तीन पोरं वाढवली, दोन पुरली. पुढे बायकाही रंगवू लागल्या तेव्हा आर्ट सेंटरच्या शेडमध्ये तिनं शेकडो कॅनव्हास रंगवले. आईकडचा मुलूख काढला, आत्याकडचा काढला, पण ते एक पाणी कधी काढलं नाही. आर्ट सेंटरची गोरी मॅनेजर दर दोन वर्षांनी बदलते, आणि प्रत्येक नवीन मॅनेजर विचारते की तुझ्या वडिलांची जागा का काढत नाहीस, तिला फार मागणी येईल. आई म्हणायची, "ते पाणी जिथं राहिलंय तिथंच पडलं पाहिजे. इथं ओतून काय उपयोग?" मॅनेजर हे वहीत लिहून घ्यायची.

इकडे बोर्डाचं नशीब उघडलं. पहिली काही वर्षं तो पंपवाल्याच्या कपाटामागे भिंतीला तोंड करून होता. मग शहरातल्या लोकांना आमच्या ठिपक्यांचं वेड लागलं आणि बोर्ड कपाटामागून निघून काचेत गेला. त्याच्यावर पुस्तकं निघाली. आणि गंमत म्हणजे गाजला तो टेकड्यांमुळे नाही, खालच्या कोपऱ्यातल्या वीतभर रिकाम्या जागेमुळे. एका विद्वानानं त्या जागेवर चाळीस पानं लिहिली. ते म्हणे म्हाताऱ्याचं मौन आहे. दुसऱ्यानं त्याला खोडून काढलं, ते मौन नसून गोऱ्या राजवटीला दिलेला नकार आहे. तिसरी बाई म्हणाली, तिथे इतकं पवित्र काही आहे की त्यानं ते न काढून दाखवलं. ही पुस्तकं आमच्या शेडमध्ये येतात. मी आईला वाचून दाखवत असे आणि ती हसता हसता खोकायची.

"कोपऱ्यात काय आहे ते मला विचारा म्हणावं," ती म्हणायची. "ट्रकचा भोंगा आहे."

आणि मग तोंड फिरवून ब्रश धुवायला लागायची.

गेल्या वर्षी साखर आईच्या डोळ्यांत उतरली. ॲलिस शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं की पुढच्या थंडीपर्यंत नजर राहणं कठीण. आई परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाली, "मग बोर्ड याच थंडीत आला पाहिजे." जसं काही बोर्डाला पाय होते.

पण आला. पंपवाला चार वर्षांपूर्वी वारला होता. डब्यांसाठी जोडलेला आजा, पण आईनं सुतक खरं पाळलं, केस कापले, महिनाभर पत्त्यांना हात लावला नाही. त्याचा मुलगा डंकन आता बोर्डाचा मालक होता. एक मोठं म्युझियम बोर्ड घ्यायला तयार होतं, पण त्यांची अट होती. चित्रकाराच्या मुलीनं कॅमेऱ्यासमोर बसून त्या रिकाम्या कोपऱ्याचा अर्थ सांगायचा. डंकननं पत्र लिहिलं की मी बोर्ड घेऊन येतोय, थेल्मानं दोन शब्द बोलावेत.

"बोलते की," आई म्हणाली. "पण त्याआधी मला काळा रंग कालवून दे. आणि थोडा पांढरा."

"आई, वेडी झालीस का? त्या बोर्डाजवळ श्वास घ्यायलासुद्धा लोक परवानगी मागतात. रंग लावलास तर तुरुंगात टाकतील."

"तिथं जेवण देतात ना?"

"आई!"

"अगं, मी झालं म्हणाले म्हणून ते राहिलं. दुसरं कुणी घालणार आहे का? आणि टनीशाला मी काय सांगू, सात टेकड्या चढ आणि मर?" टनीशा माझी मुलगी, सोळा वर्षांची. आई तिला ती वाट शिकवत होती, पण तोंडी सांगून सातवी टेकडी आली की दोघींची भांडणं व्हायची.

जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीच्या, एका सकाळी डंकनची गाडी आली. बोर्ड एवढा गुंडाळलेला की आत बाळंतीण असावी. डंकन पंचेचाळिशीचा, उंच, लाल कानांचा. आई शेडच्या दाराशी घोंगडीवर बसली होती. तिला बघून तो हात पसरून हसत धावला, "थेल्मा! बाबा तुमच्याबद्दल इतकं—"

एरवी गुडघ्यांच्या नावानं रडणारी माझी आई अशी उठली की कुत्री घाबरली. डोक्यावरून घोंगडी ओढून ती पाण्याच्या टाकीमागे गेली आणि तिथून बाहेर यायला तयार होईना.

डंकनचं तोंड उतरलं. "माझ्यावर चिडल्या का त्या?"

"चिडली नाही. सासू आहे तुमची."

"काय?"

मी त्याला गोताचा हिशेब समजावून सांगितला. त्याचा बाप आजा, म्हणून तो जावई. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "मग माझी बायको कोण?"

"मीच की," मी म्हटलं. "लाजू नका. माझा नवरा तुमचा भाऊच लागतो, तो समजून घेईल. अहो, सासूबाईंसाठी काही आणलंत, की रिकाम्या हातानं आलात?"

त्याचे कान आणखी लाल झाले. बिचारा दुकानात गेला आणि कांगारूच्या तीन गोठवलेल्या शेपट्या घेऊन आला. टाकीमागून आवाज आला, "मर्ले, तिन्ही जाड बघून घेतल्यात का विचार!"

मग त्यानं म्युझियमच्या बाईंना फोन लावला. त्या दोन हजार मैलांवर बसून सल्ला देत होत्या, उंटावरून शेळ्या हाकणं आमच्या वाळवंटात खरोखर उंट असूनही शहरातल्यांनाच जास्त जमतं. फोन स्पीकरवर होता. बाई म्हणाल्या, "गोत देताच येतं, तर बदलताही येत असेल ना? फक्त शूटिंगपुरतं?"

मी टाकीकडे तोंड करून हे आमच्या भाषेत सांगितलं.

"तिला म्हणावं," टाकी गरजली, "तू आधी दुपारपुरती आपल्या आईची सासू होऊन दाखव, मग मी बदलते! त्याचा बाप माझा आजा होता. मी रडलेय त्याच्यासाठी. आता आज्याचा पोरगा कोण, हे मी ठरवणारी कोण?"

मी बाईंना सांगितलं की आईला हा तोडगा तितकासा पसंत नाही.

तास गेला. डंकन गाडीच्या पायरीवर डोकं धरून बसला. आईला बोर्ड दहा पावलांवर असूनही दिसेना, कारण बोर्डाशेजारी जावई. शेवटी टनीशा कंटाळून म्हणाली, "तो बोर्ड केवढा आहे? दाराएवढा ना? मग त्यालाच धरू दे. तो मागे लपेल, आजी पुढे बसेल."

इतकं सोपं, म्हणून आम्हा शहाण्यांना सुचलं नव्हतं.

डंकननं पांढरे हातमोजे घातले, बोर्ड एका ड्रमवर उभा केला आणि स्वतः मागे उकिडवा बसून दोन्ही हातांनी धरला. मी चारी बाजूंनी फिरून खात्री केली. त्याचा केससुद्धा दिसत नव्हता. बोर्डाच्या पाठीला त्याचं नाक टेकलं होतं. चित्रीकरणासाठी त्यानं फोन एका डब्यावर ठेवायला सांगितला. मी ठेवला. त्यात पुढचा दीड तास आमचं भुरं कुत्रं झोपलेलं दिसतं.

मग आई आली. बोर्डासमोर इतकी जवळ बसली की श्वास त्यावर पडावा. मला वाटलं ती आता रडेल किंवा हसेल. तिनं काहीच केलं नाही. नुसती डोळे बारीक करून मान इकडे तिकडे फिरवत राहिली, आणि तेव्हा मला कळलं की नजर पुढच्या थंडीपर्यंत थांबलेली नाही. ती गेलीच होती. तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं.

तिनं बोट पुढे केलं आणि बोर्डावर ठेवलं.

डंकननं बोर्डासोबत आणलेल्या नियमांच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिलं होतं की बोर्डाला उघडा हात लागता कामा नये. मी तो कागद घडी घालून खिशात टाकला. म्हाताऱ्याचे ठिपके जाड होते, बोटाला लागत होते. ठिपक्यांवरून बोट सरकू लागलं आणि आई बोलू लागली. पहिली टेकडी, तिच्यावर कुणी शेकोटी केली. दुसरी, जिथे दोन बहिणी भांडल्या. प्रत्येक टेकडीवर ती बोटानं टकटक करायची, आणि टनीशा खाली वाळूत तीच टेकडी काढायची.

बोर्डामागून दबका आवाज आला, "मर्लिन, कुणी हात लावतंय का?"

"अहो, सासूसमोर बोलत नाहीत," मी म्हटलं.

ती टकटक त्याच्या कपाळावर, त्याच्या तळव्यांवर वाजत असणार. हात सोडावेत तर बोर्ड पडणार, डोकावावं तर सासू दिसणार, ओरडावं तर बोलायला बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मला सकाळी याची फार मजा वाटली असती. आता वाटत नव्हती, कारण आई सातव्या टेकडीवर आली होती.

बोट टेकडीवरून उतरलं आणि गुळगुळीत जागेवर थांबलं. तिथे हाताला लागण्यासारखं काहीच नव्हतं.

आई आमच्याशी बोलायची थांबली. ती म्हाताऱ्याशी बोलली. "बाबा, मी झालं म्हणाले. झालं नव्हतं. मला डबे हवे होते."

मी ओक्साबोक्शी रडले, लपवत नाही. टनीशानं रंगाची वाटी पुढे केली. मी तिला सांगितलं नव्हतं, आईनं सांगितलं असणार. आईनं काळ्या रंगात बोट बुडवलं, डाव्या हातानं सातव्या टेकडीचा पायथा चाचपला आणि ठिपका दिला. मोठा, ओला, दाबून. मग त्याभोवती पांढरं कडं. मग आणखी एक. दर दाबासरशी बोर्ड मागे हलत होता.

"रंगाचा वास येतोय," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

आईनं टनीशाकडून सातवी टेकडी आणि पाणी दोनदा वदवून घेतलं. मग घोंगडी डोक्यावर ओढली आणि टनीशाचा हात धरून घरात गेली. मी डंकनला म्हटलं, "उठा आता."

त्यानं बोर्ड फिरवला. चाळीस पानांच्या मौनात एक काळंभोर डबकं चमकत होतं.

"हे काय आहे?"

"पाणी."

मग मी त्याला सगळं सांगितलं. आभाळ, भोंगा, डबे, "झालं". मी मनानं चांगली बाई नाही, पण त्या वेळी मला त्याची दया आली. मी ओलं फडकं पुढे केलं. "रंग अजून ओला आहे. आत्ता पुसलात तर निघेल. तिला काही दिसत नाही, कळणार नाही."

त्यानं फडकं हातात घेतलं. खाली बसला.

"बाबा ही गोष्ट दर पाहुण्याला सांगायचे," तो म्हणाला. "ट्रक निघाला तेव्हा म्हातारा मागून धावत आला होता. ओढ्यापर्यंत. दोन्ही हात हलवत. बाबा म्हणायचे, असा निरोप मला आयुष्यात कुणी दिला नाही."

फोन वाजू लागला. म्युझियमच्या बाई असणार. कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं. डंकननं फोन घेतला नाही. विचारलं, "सुकायला किती वेळ लागतो?"

"या थंडीत? जाड दिलाय. तासभर."

त्यानं बोर्ड दोन ड्रमांवर आडवा ठेवला, उन्हात. हातमोजे काढले, फडकं माझ्या हातात परत दिलं, आणि डोक्यावरची हॅट काढून माश्या हाकू लागला. ओल्या रंगावर आमच्या माश्या तुटून पडतात.

मी घरात गेले. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"पुसलं का गं त्यानं?"

"नाही."

"मग काय करतोय?"

"माश्या हाकतोय."

म्हातारा वारला तेव्हा ती रडलीच असेल, मी तेव्हा जन्मले नव्हते. त्या दुपारी ती आमच्या बायका मयताला रडतात तशी रडली, छाती बडवून, मोठा गळा काढून, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. शेजारच्या बायका धावत आल्या, कोण गेलं म्हणून विचारत. खिडकीतून मला डंकन दिसत होता. त्याची हॅट क्षणभर थांबली, त्यानं घराकडे मान वळवायला घेतली आणि मग न वळवता तो पुन्हा माश्या हाकू लागला.